बिऱ्हाड ते घर : क्लोद मोने

देणेकऱ्यांचा तगादा आणि सतत बदलणारी बिऱ्हाडे यांतच क्लोद मोने यांची उमेदीची वर्षे सरली. १८७९ मध्ये पत्नी कामीय यांचे निधन झाले. १८८३ मध्ये ४२ वर्षांच्या या फ्रेंच चित्रकाराने नॉर्मंडीतील जिव्हर्नी गावात एक जुने घर भाड्याने घेतले. सोबत ॲलिस ओशदे आणि दोघांची मिळून आठ मुले होती.

लगतच्या कोठाराची त्यांनी चित्रशाळा केली. खिडक्यांना हिरवा रंग दिला. जेवणघर पिवळे झाले, स्वयंपाकघराच्या भिंतींवर निळ्या फरशा आल्या. चित्रांना मागणी वाढताच १८९० मध्ये त्यांनी ते घर विकत घेतले. १८९३ मध्ये रेल्वेमार्गापलीकडे तळे करण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा परदेशी वनस्पतींनी पाणी दूषित होईल या भीतीने गावकऱ्यांनी विरोध केला. मोने मागे हटले नाहीत. परवानगी मिळाली आणि त्याच तळ्यातील वॉटर लिलीच्या फुलांनी त्यांच्या कुंचल्याला अखेरपर्यंत विषय पुरविला.

५ डिसेंबर १९२६ रोजी याच घरात त्यांची प्राणज्योत मालवली. भाड्याचे बिऱ्हाड ४३ वर्षांचे हक्काचे घर ठरले होते. पुढे पडझड झालेली ही वास्तू दुरुस्तीनंतर १९८० मध्ये सर्वांसाठी खुली झाली.