फुलपाखरांची खरी ओळख शोधणारे ब्रिगेडियर इव्हान्स

शिलाँग येथे १८७६ साली जन्मलेले विल्यम हॅरी इव्हान्स हे ब्रिटिश सैन्याच्या अभियांत्रिकी दलातील अधिकारी. फुलपाखरे हा त्यांचा ध्यास होता. भारतीय फुलपाखरांची ओळख पटविणारा त्यांचा ग्रंथ बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९२७ साली प्रकाशित केला. तपकिरी ‘स्किपर’ फुलपाखरांत मात्र पंखांवरील नक्षी फसवी ठरते. भिन्न जाती सारख्याच दिसतात. नराच्या उदराच्या टोकाशी असलेले, समागमात मादीला धरून ठेवणारे कठीण अवयव मात्र बहुधा जातीगणिक वेगळे असतात. निवृत्तीनंतर लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये याच अवयवांच्या आधारे इव्हान्स यांनी जगभरातील स्किपरांच्या सूची १९३७ ते १९५५ या काळात सिद्ध केल्या. १९५६ साली त्यांचे निधन झाले. पंखांवरून जात ठरत नाही, तेथे अभ्यासक आजही याच खुणेकडे वळतात.