राधानगरीचा राजा

कोल्हापूरहून सुमारे ५० किलोमीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत, राधानगरी हे टुमदार गाव आहे. गावाशेजारी भोगावती नदी अडवून केलेला विस्तीर्ण लक्ष्मी तलाव, आणि तलावाच्या पाण्याने वेढलेला ‘बेनझीर व्हिला’ हा पडका राजवाडा. हे गाव आणि हा तलाव ज्यांच्या मनात प्रथम आकाराला आला, त्या राजर्षी शाहू छत्रपतींची ही ओळख.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ साली करवीरच्या गादीवर दत्तक येऊन ते शाहू छत्रपती झाले. १८९४ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, राज्यकारभार त्यांच्या हाती आला. दोनच वर्षांत दुष्काळाने आणि त्यापाठोपाठ प्लेगने प्रजेला गाठले. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, कामे काढली, जनावरांच्या चाऱ्याची सोय केली. पण दरवर्षी धान्य वाटून दुष्काळ हटत नाही, हे त्यांनी ओळखले.

दाजीपूरचे रान ही महाराजांची आवडती शिकारीची जागा. तिथे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. तेच पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात खालची शेते कोरडी पडतात. हे पाणी अडवायचे असे त्यांनी ठरवले. १९०७ साली योजना जाहीर झाली, १९०९ साली काम सुरू झाले. नव्या वसाहतीला त्यांनी आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव दिले आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे.

याच राजाने १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी राज्यातील निम्म्या जागा राखून ठेवल्या, विविध जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पाणी असो वा विद्या, मूठभरांच्या ओंजळीत अडकलेले सर्वांपर्यंत पोहोचवायचे, हेच त्यांचे ध्येय.

परंतु धरणाने त्यांची परीक्षा पाहिली. खर्च संस्थानाच्या आवाक्याबाहेर गेला आणि काम अर्ध्यावर थांबले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे सत्तेचाळीस. भरलेला तलाव पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. काम पुढे पुन्हा हाती घेतले गेले आणि स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात, पुरे झाले.

आज पावसाळ्यात पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे एकामागून एक आपोआप उघडतात. किती दरवाजे उघडले, याकडे सारे कोल्हापूर कान लावून बसते. उन्हाळ्यात याच पाण्यावर भोगावतीकाठचा ऊस हिरवा राहतो.

राजवाड्याच्या भिंती ढासळल्या. राजाने अडवलेले पाणी मात्र वाहते आहे. वसतिगृहात राहून, सवलतीवर शिकून या महाविद्यालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांपर्यंत तो झरा पोहोचला आहे. स्वतःला फळ दिसणार नाही हे ठाऊक असूनही झाड लावण्याची हिंमत आपल्यात आहे का, हा प्रश्न राधानगरीच्या काठावर उभे राहून प्रत्येकाने स्वतःला विचारावा.