आविलाच्या संत तेरेजा आणि त्यांची लेखणी

धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेंत अनेकांनीं लिहिलें आहे, व त्यांतील कित्येकांनीं प्रथमच लेखणी हातीं धरिली आहे. अशा प्रसंगीं एका संत स्त्रीचें चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांनीं बहुतेक लेखन दुसऱ्यांच्या सांगण्यावरून केलें, आणि दुसऱ्यांचें ऐकून तें सुधारिलें. मात्र कोणाचें ऐकावें, हें शिकावयास त्यांना पुष्कळ वर्षें लागलीं.

संत तेरेजा ह्यांचा जन्म २८ मार्च १५१५ रोजीं स्पेन देशांतील आविला नगरांत झाला. १५३५ सालीं त्यांनीं तेथील कार्मेल संघाच्या मठांत प्रवेश केला. विद्यापीठाचें दार त्या काळीं स्त्रियांना बंद होतें. मनांत शंका आली म्हणजे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसच विचारणें भाग होतें, आणि त्यांत त्यांची फार दिवस फसगत झाली. देव आत्म्यांत केवळ आपल्या कृपेनें वसतो, स्वतः नव्हे, असें एका अर्धवट शिकलेल्या गुरूनें त्यांस सांगितलें. त्यांचा अनुभव तर उलट होता. पुढें डोमिनिकन संघाच्या एका विद्वान धर्मगुरूनें देव खरोखर तेथें असतो असें समजाविलें, तेव्हां त्यांचें मन निवांत झालें. अशा अनुभवांवरून त्यांचें ठाम मत झालें कीं, सल्ला देणारा सात्त्विक असून भागत नाहीं, तो विद्वानही असला पाहिजे.

चाळिशीच्या सुमारास त्यांना प्रार्थनेंत विलक्षण अनुभव येऊं लागले. परंतु ते सांगावयास त्यांजपाशीं शब्द नव्हते. आविलांतील एक धर्मगुरु व एक भाविक गृहस्थ ह्यांचा सल्ला घ्यावयाचा होता. तेव्हां त्यांनीं प्रार्थनेवरील दुसऱ्याच्या एका पुस्तकांत आपल्या स्थितीशीं जुळणाऱ्या मजकुरावर खुणा केल्या व तें पुस्तकच त्यांच्या हातीं दिलें. हें सैतानाचें काम आहे, असें त्या दोघांचें मत पडलें. तेरेजा भ्याल्या, रडल्या. पण विचारणें त्यांनीं सोडिलें नाहीं. त्या दोघांच्याच सूचनेवरून त्या येशूसंघाच्या एका धर्मगुरूकडे गेल्या, त्याच्याकरितां आपल्या जन्माची हकीकत लिहून काढिली, आणि तेथें त्यांस धीर मिळाला. ज्यांचें निदान चुकलें त्यांनींच वाट मात्र बरोबर दाखविली!

१५६२ सालीं त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खर्डा तयार झाला. डोमिनिकन धर्मगुरु गार्सिया दे तोलेदो ह्यांनीं संत योसेफाच्या नव्या मठाच्या स्थापनेची हकीकतही त्यांत घालावयास सांगितलें. तेरेजांनीं सारें पुन्हां लिहिलें, प्रकरणें पाडलीं, आणि १५६५ च्या सुमारास चाळीस प्रकरणांचा ग्रंथ सिद्ध झाला. तरीही त्यांचें समाधान झालें नाहीं. एका धर्मन्यायाधीशाच्या सूचनेवरून तो ग्रंथ त्यांनीं आंदालुसियांतील थोर उपदेशक संत जुआन दे आविला ह्यांजकडे पाठविला. उपदेश चांगला आहे, पण कांहीं शब्द घासावे, कांहीं ठिकाणीं अधिक उलगडा करावा, असा त्यांचा अभिप्राय १५६८ सालीं आला.

आपल्या भगिनींसाठीं लिहिलेल्या 'परिपूर्णतेचा मार्ग' ह्या ग्रंथाची कथा अधिक बोधक आहे. जगांतील न्यायाधीश सारे पुरुषच असल्यामुळें स्त्रियांच्या सद्गुणांविषयींही ते संशय घेतात, अशा अर्थाचा मजकूर पहिल्या प्रतींत होता. तपासणींत तो खोडला गेला. तेरेजांनीं लेखणी टाकिली नाहीं; सारा ग्रंथ पुन्हां आपल्या हातानें लिहून काढिला. दुसऱ्या प्रतींत तो मजकूर नाहीं. दोन्ही प्रती उपलब्ध आहेत, आणि खोडलेल्या ओळीही पंडितांनीं पुढें वाचून काढिल्या आहेत. तो मजकूर खोडण्यांत विद्येपेक्षां भयाचाच भाग अधिक होता, असें आम्हांस वाटतें.

ह्याहून कठीण प्रसंग पुढें आला. पवित्र शास्त्रांतील गीतरत्नावर त्यांनीं केलेलें चिंतन जाळून टाकावें, असें धर्मगुरु दिएगो दे यांगुआस ह्यांनीं सांगितलें. तें त्यांनीं तत्काळ जाळिलें. सुदैवानें भगिनींजवळ नकला होत्या, म्हणूनच तें आज आपणांस वाचावयास मिळतें.

१५७७ सालीं आत्मचरित्र धर्मन्यायसभेच्या ताब्यांत असतां धर्मगुरु हेरोनिमो ग्रासियान ह्यांनीं नवें पुस्तक लिहावयास सुचविलें. तेरेजांचें वय बासष्ट होतें, डोक्यांत सतत घोंघावत असे, आणि मठांचीं कामें अंगावर होतीं. मनांत नसतांही त्यांनीं २ जूनला आरंभ केला व २९ नोव्हेंबरला 'अंतरींचा किल्ला' पुरा केला. हा त्यांचा सर्वांत परिपक्व ग्रंथ होय. १५८० सालीं सेगोव्हिया येथें ग्रासियान व यांगुआस ह्यांनीं त्यांच्या समक्ष तो तपासला. ग्रासियानांच्या दुरुस्त्या पाहून येशूसंघाचे फ्रान्सिस्को दे रिबेरा ह्यांनीं पुढें हस्तलिखितावरच टीप लिहिली कीं, वाचकांनीं तेरेजांचे मूळ शब्दच वाचावे.

४ ऑक्टोबर १५८२ रोजीं आल्बा दे तोर्मेस येथें त्या प्रभूच्या घरीं गेल्या. १५८८ सालीं पंडित लुईस दे लेओन ह्यांनीं त्यांचे ग्रंथ सालामांका येथें छापून प्रसिद्ध केले. १२ मार्च १६२२ रोजीं, गोव्यास ज्यांचा पवित्र देह आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या बरोबरच, त्यांना संतपद मिळालें. आणि विद्यापीठाची पायरीही जिला चढतां आली नाहीं, तिलाच २७ सप्टेंबर १९७० रोजीं पोप सहावे पॉल ह्यांनीं ख्रिस्तसभेच्या आचार्यपदीं बसविलें. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

सारेच सल्लागार बरोबर होते असें नव्हे, हें आपण पाहिलें. पण ज्यांनीं अधिक लिहा, अधिक स्पष्ट करा, असें सांगितलें, त्यांच्यामुळेंच तेरेजांचे ग्रंथ मोठे झाले. आणि ज्यांनीं खोडा, जाळा, असें सांगितलें, त्यांचें काम काळापुढें टिकलें नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील लिहूं इच्छिणाऱ्या तरुणतरुणींनीं जाणत्यांस विचारावें आणि पुन्हां लिहावयास कंटाळूं नये. वडीलधाऱ्यांनींही नव्या लेखणीवर रेघ मारण्यापूर्वीं ही कथा आठवावी. संत तेरेजा आपणां सर्वांसाठीं प्रार्थना करोत, ही ह्या महोत्सवप्रसंगीं आमची विनवणी.