आठ कलांचा फरक

जर्मनीतील वाइल डेर श्टाट या लहानशा गावी २७ डिसेंबर १५७१ रोजी जन्मलेल्या योहानेस केप्लरच्या वाट्याला बालपणीचे सुख फारसे आलेच नाही. वडील भाडोत्री सैनिक. एकदा घर सोडून गेले ते परतलेच नाहीत. देवीच्या आजाराने मुलाची दृष्टी कायमची अधू झाली. ग्रहगतीचे नियम ज्याने शोधले, त्यालाच आकाश धड दिसत नव्हते!

ट्यूबिंगेन येथे धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत असताना मेस्टलिन या गुरूमुळे कोपर्निकसच्या सूर्यकेंद्री विश्वाशी त्याची ओळख झाली. १५९४ मध्ये तो ग्रात्स येथे गणिताचा शिक्षक झाला. पुढच्या वर्षी वर्गात आकृती काढताना वर्तुळात त्रिकोण आणि त्रिकोणाच्या पोटात दुसरे वर्तुळ असे चित्र उमटले. ग्रहांच्या कक्षाही अशाच भौमितिक आकृत्यांनी बांधलेल्या असाव्यात, या कल्पनेने त्याला झपाटले. पाच नियमित घनाकृती एकात एक बसवून सहा ग्रहांची अंतरे सांगणारा त्याचा पहिला ग्रंथ त्यातूनच निपजला. कल्पना चुकीची होती. पण विश्वाला रेखीव आराखडा आहे, हा विश्वास त्याने अखेरपर्यंत सोडला नाही.

१६०० मध्ये तो प्रागला टायको ब्राहेकडे आला. पुढच्याच वर्षी टायको वारला आणि त्याच्या अचूक निरीक्षणांचा ठेवा केप्लरच्या हाती पडला. मंगळाची कक्षा वर्तुळ मानून त्याने वर्षानुवर्षे आकडेमोड केली. अखेरीस गणित आणि निरीक्षण यांत आठ कलांचा फरक उरला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आठ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाचा जेमतेम पाव हिस्सा. दुसऱ्या कोणी तो निरीक्षणाचा दोष मानून सोडून दिला असता. केप्लरने टायकोवर विश्वास ठेवला आणि दोन हजार वर्षे पूज्य मानलेले वर्तुळ सोडले. ग्रह लंबवर्तुळात फिरतात, हे त्याने १६०९ च्या ग्रंथात मांडले. मंगळाच्या कक्षेचा लघुअक्ष दीर्घअक्षापेक्षा अर्ध्या टक्क्यानेही कमी नाही, हे पाहिले म्हणजे या हट्टाची किंमत कळते.

षट्कोनाकडे तो वळला तो मात्र बर्फामुळे. प्रागच्या पुलावरून जाताना अंगरख्यावर पडलेल्या हिमकणांना सहाच टोके का, या प्रश्नावर त्याने १६११ मध्ये वाकर या दरबारी मित्राला नववर्षाची भेट म्हणून एक छोटी पुस्तिका लिहिली. एका नाण्याभोवती तशीच सहा नाणी नेमकी बसतात. मधमाशीचे पोळे, डाळिंबाचे दाणे, गोळ्यांची रास यांतही त्याला हीच रचना दिसली. गोळे सर्वांत दाट कसे रचावेत, याबद्दलचे त्याचे अनुमान थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये सिद्ध केले. हिमकणाचे कोडे मात्र केप्लरला सुटले नाही आणि ते त्याने मोकळेपणाने मान्य केले.

अंतराळावरचे पटावरील खेळ आखणारे आज हीच रचना वापरतात. मधल्या एका घराभोवती ६, त्याबाहेर १२, मग १८ अशी कडी वाढत जातात. तीन कड्यांत ३७ घरे होतात. १९९७ साली निघालेल्या ‘ट्वायलाइट इम्पीरियम’ या खेळाची आकाशगंगा अशीच मांडली जाते. पण घरे मोजून काढलेले हे कडे गोल नसते. तो मोठा षट्कोनच. त्याचा कोपरा बाजूच्या मध्यापेक्षा मध्यापासून सुमारे १५ टक्के दूर जातो. पट गोल हवा असेल, तर कंपासने वर्तुळ काढून ज्यांचे मध्य आत येतात तेवढीच घरे ठेवावी लागतात. मंगळाचे लंबवर्तुळ असल्या पटावर कधीच दिसणार नाही.

केप्लरचा तिसरा नियम मात्र त्यावर सुरेख उतरतो. प्रदक्षिणाकाळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, हा तो नियम. पहिल्या कड्यातला ग्रह दर खेळीला एक घर चालून सहा खेळींत फेरी पुरी करत असेल, तर चौथ्या कड्यातल्या ग्रहाला त्याच्या आठपट, म्हणजे ४८ खेळी लागायला हव्यात. त्या कड्यात घरे २४; म्हणजे दोन खेळींना एक घर.

हा नियम त्याला १६१८ मध्ये लिंत्स येथे गवसला. पुढच्या वर्षीच्या ग्रंथात तो छापला गेला. नियमित बहुभुजांनी फरशी कोणकोणत्या प्रकारे भरता येते, याचा पद्धतशीर विचारही त्याच ग्रंथात आहे. दिवस मात्र वाईट होते. १६११ मध्ये पत्नी आणि एक मुलगा गेला होता, आश्रयदाता रुडॉल्फ बादशहा पदच्युत झाला होता. वृद्ध आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. तिच्या बचावासाठी केप्लर काम टाकून धावला आणि चौदा महिन्यांच्या कैदेनंतर १६२१ मध्ये त्याने तिला सोडवले; सहा महिन्यांतच ती वारली.

टायकोच्या निरीक्षणांवरून तयार केलेली ग्रहकोष्टके १६२७ मध्ये प्रसिद्ध झाली. थकलेल्या पगाराच्या वसुलीसाठी निघालेला केप्लर १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्ग येथे मरण पावला. त्याची कबर युद्धात नाहीशी झाली. बुध ७ नोव्हेंबर १६३१ रोजी सूर्यबिंबावरून जाईल, असे भाकीत त्याने करून ठेवले होते. त्या दिवशी पॅरिसमध्ये गासेंदीने सूर्यबिंबावरचा तो काळा ठिपका पाहिला.