पडद्याआडच्या बायकांची वकील

आमच्या किनवटच्या कोर्टाच्या आवारात आता काळ्या कोटातली बाई दिसली, तर कुणी वळून बघत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र वकिली हे बाईचं काम नाही असं खुद्द कोर्टच म्हणायचं. १९१६ साली कलकत्ता हायकोर्टानं रेजिना गुहा यांचा अर्ज त्या बाई आहेत एवढ्याच कारणानं फेटाळला होता. आज सांगायचंय ते त्यांच्याही आधी या वाटेनं निघालेल्या कॉर्नेलिया सोराबजींबद्दल.

नाव परकं वाटतं, पण बाई आपल्या नाशिकच्या. जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील पारशी, पुढं ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायच्या. घरात लेकींना शिकवायचं हे ठरलेलंच. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परीक्षेत पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती यांना नाकारली. का, तर बाई म्हणून! मग थोडे दिवस अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी मुलांना शिकवलं. इंग्लंडमधल्या काही मंडळींनी पैसे गोळा केले, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची बीसीएल परीक्षा देणारी ती पहिलीच बाई. पण पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! एवढ्या काळात इथं एखादीला सून येते.

परत आल्यावर मुंबईची एलएलबी झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा झाली, तरी सनद काही मिळेना. पण काम समोर दिसत होतं. जमीनदारांच्या, संस्थानिकांच्या घरात नवरा गेला की पडद्यातली बायको एकटी पडायची. दीर, मुनीम, कारभारी कागद पुढं करायचे आणि ती सही करून मोकळी व्हायची. वकील सगळे पुरुष, आणि परपुरुषाशी बोलायची चोरी. मग इस्टेट किती, आपला वाटा किती, पोरांच्या शिक्षणाला काय, हे विचारणार कोणाला? कॉर्नेलिया बाई असल्यामुळं थेट माजघरात जाऊ शकायच्या. सरकारच्या मागं लागून लागून १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांना नेमणूक मिळाली. वीसेक वर्षांत सहाशेहून जास्त बायका-मुलांची कामं त्यांनी केली, कितीतरी फुकट.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही हं. इंग्रजी राज्य हवं असं त्या उघड म्हणायच्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. आपल्या देशाची बदनामी करणाऱ्या कॅथरीन मेयोच्या पुस्तकाची त्यांनी बाजू घेतली आणि जवळची माणसं तुटली. देशानं त्यांना विसरायला हेही कारण झालं असावं. त्या पडद्यातल्या बायकांच्या हिशेबात मात्र याची नोंद नसणार.

१९२३ साली दोन कायदे झाले. एकानं बायकांना वकिलीची दारं उघडली. दुसरा कामावर जखमी झालेल्या किंवा मेलेल्या कामगाराच्या भरपाईचा. हे दोन्ही एकाच वर्षी यावेत याची मला फार गंमत वाटते. कारण आज अपघाताचे दावे चालवणाऱ्या आपल्या वकील भगिनी तेच तर करतात, जे कॉर्नेलिया करायच्या: कमावता माणूस गेला, आता मागं राहिलेलीला काय मिळणार? पडदा गेला म्हणतो आपण, पण ट्रकखाली नवरा गेलेल्या पंचविशीतल्या बाईला सासऱ्यासमोर, दिरासमोर पैशाचं तोंडातून निघत नाही. स्वतः जखमी झालेलीला तर शरीराच्या कुठल्या भागाला काय झालं हे पुरुष वकिलाला सांगणं जिवावर येतं. तिथं बाई वकील असली की गोष्टी मोकळ्या होतात.

आणि नुसत्या कमावत्या पुरुषाचंच मोल होतं असं नाही. जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. पुढं २०२१ मध्येही गृहिणीचं काम हे कामच आहे आणि भरपाईत ते मोजलंच पाहिजे, असं त्याच कोर्टानं ठासून सांगितलं.

किनवटच्या बायकांनी आणखी एक ध्यानात ठेवा. आपली माणसं आदिलाबाद, हैदराबादकडं कामाला जातात. रस्त्यावरचा अपघात तिकडं झाला, तरी मोटार अपघाताचा दावा आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणात करता येतो, तिकडं खेटे घालायची गरज नाही. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे तसा.

कॉर्नेलिया १९२९ मध्ये निवृत्त होऊन लंडनला गेल्या आणि १९५४ च्या जुलैत तिथंच वारल्या. लग्न केलं नव्हतं. २०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवला.