धर्मानंदांच्या चार खेपा

परदेशात शिकवायला जायचे आणि तिथेच राहायचे, की परत येऊन आपल्या माणसांत काम करायचे, हा वाद आमच्या वर्गात वर्षातून चार वेळा तरी रंगतो. वाद घालणाऱ्यांपैकी अजून कुणी पुण्यापलीकडे गेलेले नाही, ही गोष्ट वेगळी. अशा वेळी मला कै. धर्मानंद कोसंबी आठवतात. हार्वर्ड विद्यापीठात ते एकदा नव्हे, चार वेळा गेले आणि चारही वेळा परत आले. थोर थोर म्हणून आपण त्यांना लांबूनच नमस्कार करतो. मला मात्र त्यांच्या या जाण्यायेण्याचाच विचार करावासा वाटतो.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यात साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. घर सारस्वत ब्राह्मणाचे, उपजीविका नारळीच्या बागेवर. शाळा मराठीच्या काही इयत्तांपुरतीच झाली, तीही प्रकृतीच्या कुरबुरींमुळे अर्धवट राहिली. पोर्तुगीज राज्यातल्या त्या खेड्यात इंग्रजी शिक्षणाची सोय नव्हती. पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. पुढे बाग सांभाळायची, कर्जाचे हप्ते मोजायचे आणि म्हातारे व्हायचे, एवढेच समोर होते. त्यात 'बालबोध मेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात गौतम बुद्धाचे छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि या माणसाचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. मोठमोठे ग्रंथ वाचून माणसे बदलतात असे आपण ऐकतो. इथे मुलांच्या मासिकातली काही पाने पुरली.

१८९९ च्या अखेरीस ते घर सोडून निघाले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. चरित्रकार हे वाक्य लिहून पटकन पुढे सरकतात, पण मला तसे सरकता येत नाही. नवरा विद्येसाठी गेला, कधी येईल ते ठाऊक नाही, पदरात मूल, आणि गावाला तोंड द्यायचे आहे. सिद्धार्थाने घर सोडले तेव्हा यशोधरेच्या दारात निदान राजवाडा होता.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांना आधार दिला. प्रार्थना समाजाशी संबंध आला, पण संस्कृत शिकायचे तर काशीला जायला हवे म्हणून ते ग्वाल्हेरमार्गे काशीला पोचले. तिथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांपाशी बसून शिकायचे, असा क्रम होता. बौद्ध धर्म पाहावा म्हणून १९०२ मध्ये नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. तेथून बुद्धगया, कलकत्ता आणि शेवटी सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि पाली भाषा शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. ज्या भाषेत बुद्धाचा उपदेश सांभाळला गेला ती भाषा बुद्धाच्या देशात शिकायला मिळेना, तिच्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. परदेशी जाण्याची ही त्यांची पहिली पायरी, आणि ती शिकवण्यासाठी नसून शिकण्यासाठी होती.

१९०६ मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्याला स्थायिक झाले. वंगभंगाच्या चळवळीतून निघालेल्या नॅशनल कॉलेजात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. मॅट्रिकही न झालेला माणूस विद्यापीठात अध्यापक! सात वर्षांनी संसारही पुन्हा जुळला. १९०७ मध्ये मुलगा झाला, तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून गाजलेला दामोदर.

आता हिशेबाची गोष्ट. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला होता. महाराष्ट्रात कुठेही राहा, बौद्ध धर्मावर मराठीत लिहा, दरमहा ५० रुपये मिळतील. कलकत्त्यात राहिले तर २५० रुपयांपर्यंत मिळण्याची शक्यता होती. धर्मानंदांनी पन्नास स्वीकारले. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. हा हिशेब मी घरी सांगितला असता तर आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता! आणि ती चूक ठरली नसती. ज्या घरात पगार पहिल्यांदाच येणार असतो तिथे पन्नास आणि अडीचशे यांतले अंतर दोनशेचे नसते, त्यात धाकट्या भावंडांची शाळाही असते. धर्मानंदांनाही संसार होता. तरीही त्यांनी निवड केली ती मराठीची. आपण बुद्धाला विसरलो, तेव्हा त्याची ओळख आपल्याच लोकांना त्यांच्याच भाषेत करून द्यायची, हे त्यांनी मनाशी पक्के केले होते. बडोद्यातल्या व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये आले. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळावी म्हणून भांडारकरांच्या साहाय्याने त्यांनी खटपट केली तीही याच काळातली.

त्याच वेळी हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले होते. त्यांनी धर्मानंदांकडे पालीचे धडे घेतले आणि त्यांना अमेरिकेला बोलावून नेले. काम होते 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे. पाचव्या शतकात बुद्धघोषाने सिलोनात रचलेला हा ग्रंथ म्हणजे शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा महाकोशच. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने त्याची संहिता सिद्ध करायला घेतली होती, पण काम अपुरे ठेवून तो १८९९ च्या जानेवारीत वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याचे नावही ठाऊक नसलेला गोव्याचा एक तरुण घर सोडून निघाला होता.

१९१० ते १९१२ ही पहिली खेप. काम जोरात चालले, पण प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी बिनसले. भांडण पैशाचे नव्हते, नावाचे होते. संपादनात आपला वाटा काय हे ग्रंथावर स्पष्ट नोंदले जावे, असे धर्मानंदांचे म्हणणे होते. लॅनमन यांना ते श्रेय मुख्यतः आपल्या दिवंगत मित्राचे राहावे असे वाटत होते. लॅनमनची मित्रनिष्ठा मला समजते. पण काम जिवंत माणसाने करायचे आणि नाव मात्र समासात, हा न्याय कुणालाही पटण्यासारखा नाही. वसाहतीतून आलेल्या विद्वानाकडे साहाय्यक म्हणून पाहण्याची त्या काळची सवयही यात असावी, असे मला वाटते. धर्मानंद काम टाकून परत आले.

परत आले ते फर्ग्युसन कॉलेजात. १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे त्यांनी तिथे पाली शिकवली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत तुटपुंज्या वेतनावर राबण्याची परंपराच होती, तेव्हा अमेरिकेहून आलेल्या प्राध्यापकाचा थाट वगैरे काही नव्हता. पण पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे असे विद्यार्थी तयार झाले. महाराष्ट्रात पालीचा अभ्यास रुजला त्याची मुळे या सहा वर्षांत आहेत. हार्वर्डमधल्या कामापेक्षा मला ही सहा वर्षे मोठी वाटतात. विसुद्धिमग्ग आज ना उद्या कुणीतरी संपादित केलाच असता. हे वर्ग दुसऱ्या कुणी घेतले असते असे वाटत नाही.

१९१८ मध्ये हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले आणि ते पुन्हा गेले. मान राखायचा म्हणून काम सोडले होते, कामाची ओढ सुटली नव्हती. या वेळी माणिक आणि दामोदर ही मुले बरोबर होती. मुलांना अमेरिकेतले शिक्षण मिळाले. बाळाबाई धाकट्या मुलींसह इकडेच राहिल्या. चार वर्षे झाली, लॅनमनशी पुन्हा खटका उडाला, ग्रंथ अपुराच राहिला. १९२२ ते १९२५ या काळात धर्मानंद गांधीजींनी स्थापलेल्या गुजरात विद्यापीठात होते. लॅनमन १९२६ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा तिसरी खेप झाली आणि संहितेचे काम हातावेगळे झाले. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला जाऊन आले. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात पडले आणि तुरुंगात गेले. १९३१-३२ मध्ये चौथ्यांदा हार्वर्ड. पाटीवरून बोट फिरवावे तशी ही वर्षे मी पुसत पुढे जाते आहे, पण त्यातला क्रम पाहावा : अमेरिकेचे ग्रंथालय, मग तुरुंग, मग पुन्हा अमेरिकेचे ग्रंथालय.

१९३७ मध्ये परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत, त्यांनी बहुजनविहार उभारला. हार्वर्डचा माणूस चाळींच्या गर्दीत येऊन बसला. थोड्याच वर्षांनी 'भगवान बुद्ध' हा त्यांचा गाजलेला ग्रंथ मराठीत आला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा त्यांनी त्यात तपासून बाजूला सारली आणि शाक्य व कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून चाललेल्या भांडणाकडे बोट दाखवले. माणसे पाण्यासाठी शस्त्रे उचलतात हे पाहवेना म्हणून तो निघाला, असे त्यांचे म्हणणे. पाण्यावरून बांधाबांधावर डोकी फुटताना पाहिलेल्या आम्हां खेड्यातल्या मुलांना हा बुद्ध लगेच ओळखीचा वाटतो.

अखेरीस शरीर थकले. परावलंबी होऊन जगणे त्यांना नको होते. अन्न सोडून देह ठेवायचा त्यांचा निश्चय होता. गांधीजींच्या आग्रहामुळे तो काही काळ लांबला, पण शेवटी सेवाग्रामच्या आश्रमात जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्य दोन-अडीच महिन्यांवर आले असताना, त्यांनी देह ठेवला.

विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती त्यांनी स्वतः १९४० मध्येच मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे काढली होती. इथल्या विद्यार्थ्याला रोमन लिपीची वाट पाहावी लागू नये, ही सोय त्यांनी आधीच करून ठेवली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये, हार्वर्ड ओरिएंटल सीरिजचा ४१ वा खंड म्हणून. तिच्यावर दोन्ही नावे आहेत. वॉरन संपादक, आणि ती संहिता सुधारून सिद्ध करणारे धर्मानंद कोसंबी.