हवेला राबवणारा अभियंता

वेगवान स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या बंपरखाली, जमिनीलगत, वरच्या दिशेने उचललेला एक पत्रा दिसतो. त्यावर ठरावीक अंतराने उभ्या पट्ट्या असतात. डिफ्यूझर या नावाने ओळखला जाणारा हा भाग अनेकांना केवळ शोभेचा वाटतो. हौशी मंडळी ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा प्लायवूड कापून घरच्या गॅरेजमध्येच तो तयार करतात. मोटारीच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेला कामाला जुंपण्याची ही विद्या शर्यतीच्या मैदानावर रुजवली ती कॉलिन चॅपमन यांनी. त्यांची स्वतःची सुरुवातही अशाच एका गॅरेजातून झाली होती.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म 19 मे 1928 रोजी लंडनजवळील रिचमंड येथे झाला. उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात त्यांचे वडील रेल्वे हॉटेल चालवीत. कॉलिन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्यरचनेच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवायलाही शिकले. कमीत कमी सामग्रीत जास्तीत जास्त भार पेलणे हे स्थापत्याचे सूत्र आणि हवेचे बळ ओळखणे हा विमानविद्येचा धडा, या दोन्हींची सांगड त्यांनी आयुष्यभर घातली.

शिकत असतानाच ते जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत. 1947 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये खासगी वाहनांना मिळणारे पेट्रोलचे रेशन बंद झाले आणि हा धंदा एकाएकी बसला. 1930 सालची एक ऑस्टिन सेव्हन तेवढी त्यांच्या गळ्यात पडली. तिला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा ती मोडून तिच्यातूनच शर्यतीची गाडी उभारायचे त्यांनी ठरवले. मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागे एक गॅरेज होते. तेथे 1948 मध्ये, विमानबांधणीतील कल्पनांच्या आधारे, ॲल्युमिनियमचा थर चढवलेल्या प्लायवूडचा सांगाडा तयार झाला. हीच पहिली लोटस. हे नाव का ठेवले, याचा खुलासा चॅपमन यांनी कधीच केला नाही.

नियम बारकाईने वाचण्याची त्यांची खोड तेव्हापासूनची. ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनात चार सिलिंडरना मिळून हवा-इंधन आत घेणारी दोनच द्वारे असत. 1951 च्या तिसऱ्या गाडीत त्यांनी या द्वारांमध्ये पडदे घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. गाडी प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकू लागली आणि क्लबला ही युक्ती नियमाने बंद करावी लागली. पळवाट शोधायची, जिंकायचे आणि मग नियम बदलताना पाहायचे, हा क्रम पुढे तीस वर्षे चालला.

1 जानेवारी 1952 रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी लोटस इंजिनीअरिंग कंपनी स्थापन केली. हेझलने उसने दिलेले 25 पौंड हे भांडवल आणि वडिलांच्या हॉटेलामागील जुना तबेला हा कारखाना. गाड्या सुट्या भागांच्या रूपात विकल्या जात आणि ग्राहक घरीच त्यांची जुळणी करीत. त्यामुळे तयार मोटारीवरील खरेदी कर वाचे. 1957 च्या लोटस सेव्हनने तर घरी मोटार बांधण्याचे वेड ब्रिटनभर पसरवले. हेझल 1954 मध्ये त्यांच्या पत्नी झाल्या होत्या.

पुढचा काळ यशाचा होता. 1962 मध्ये आलेल्या लोटस 25 मध्ये नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याचे कवचच भार पेलत होते. जिम क्लार्क यांनी 1963 आणि 1965 मध्ये लोटसला जगज्जेतेपद मिळवून दिले आणि 1965 मध्येच अमेरिकेतील इंडियानापोलिसची प्रतिष्ठेची शर्यतही जिंकली. नॉरफोकमधील हेथेल येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर 1966 मध्ये कारखाना गेला. मात्र वजन घटवण्याच्या ध्यासाची दुसरी बाजूही याच काळात उघड होऊ लागली. लोटस वेगवान असते, पण मोडते, असा लौकिक शर्यतीच्या वर्तुळात पसरला. एप्रिल 1968 मध्ये क्लार्क हॉकेनहाइम येथे लोटस चालवताना मरण पावले आणि चॅपमन यांचा सर्वांत जवळचा सहकारी हरपला. 1969 मध्ये बार्सिलोनातील शर्यतीत दोन्ही लोटस गाड्यांचे उंच पंख कोसळून भीषण अपघात झाले. त्यातून वाचलेल्या योखेन रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून थोडे वजन वाढवा, पण कमकुवत भाग मजबूत करा, अशी विनवणी केली. 5 सप्टेंबर 1970 रोजी मोन्झा येथे सरावात रिंट यांच्या गाडीचा पुढचा ब्रेकशाफ्ट तुटला आणि ती कडेच्या कठड्यावर आदळली. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले.

1975 चा मोसम लोटसला एकही विजय न देता गेला. तेव्हा चॅपमन यांनी एक सविस्तर टिपण तयार केले आणि टोनी रड, पीटर राइट व राल्फ बेलामी यांच्यासारख्या सहकाऱ्यांना केटरिंगहॅम हॉलमध्ये संशोधनाला बसवले. मोटारीच्या बाजूंना पालथ्या विमानपंखाचा आकार दिला, तर हवा तिला उचलण्याऐवजी जमिनीकडे दाबेल का, हा प्रश्न होता. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील वातबोगद्यात प्रतिकृतीची चाचणी चालू असताना मोजमापे अनपेक्षितपणे वरखाली होऊ लागली. निरखून पाहता प्रतिकृतीच्या बाजू वाकून सरकत्या पट्ट्याकडे ओढल्या जात असल्याचे राइट यांच्या लक्षात आले. कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून फट बुजवताच खालचा दाब झपाट्याने वाढला.

यामागील तत्त्व अठराव्या शतकापासून ठाऊक आहे. नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोराने उसळते, तशी अरुंद वाटेत हवा वेग घेते आणि वेग वाढला की तिचा दाब घटतो. गाडीखाली कमी दाब आणि वर नेहमीचा, म्हणून गाडी रस्त्याला चिकटते आणि वळणावर वेग तितकासा कमी करावा लागत नाही. वेगाने आलेल्या हवेला मागच्या बाजूला हळूहळू पसरायला जागा द्यावी लागते. वर उचललेला मागचा भाग ते काम करतो. चढ फार तीव्र ठेवला तर हवा पृष्ठभाग सोडते आणि सारा लाभ जातो.

या अभ्यासातून 1977 मध्ये लोटस 78 आणि पुढच्या वर्षी लोटस 79 अवतरली. 1978 च्या 16 शर्यतींपैकी 8 लोटसने जिंकल्या. मारिओ आंद्रेती जगज्जेते झाले ते मोन्झा येथेच. त्याच दिवशी शर्यतीच्या प्रारंभी झालेल्या साखळी अपघातात सहकारी रॉनी पीटरसन यांचे पाय चिरडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दगावले. सकाळच्या सरावात नवी गाडी नादुरुस्त झाल्याने त्यांना जुनी लोटस 78 चालवावी लागली होती. लोटसचे ते सहावे आणि अखेरचे जगज्जेतेपद ठरले.

इतरांनी ही विद्या लवकरच आत्मसात केली आणि चॅपमन एक पाऊल आणखी पुढे गेले. तेथेच ते अडखळले. 1979 ची लोटस 80 सरळ रस्त्यावरही वरखाली हिंदकळू लागली. 1981 ची दुहेरी सांगाड्याची लोटस 88 अधिकाऱ्यांनी शर्यतीला उभीच राहू दिली नाही. याच सुमारास अमेरिकी उद्योजक जॉन डिलोरियन यांच्या मोटार प्रकल्पाचे काम लोटसने घेतले होते. त्यासाठीचे 1 कोटी 70 लाख डॉलरहून अधिक पैसे पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्गे नाहीसे झाले. त्यात ब्रिटिश करदात्यांचा पैसा होता. 16 डिसेंबर 1982 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. नियम वाकवणाऱ्या या माणसाला न्यायालयात उत्तर द्यावे लागले नाही. त्यांचे अर्थव्यवहार पाहणारे फ्रेड बुशेल यांना मात्र 1992 मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते, तर त्यांना किमान दहा वर्षांचा तुरुंगवास घडला असता, असे न्यायाधीशांनी त्या वेळी नमूद केले.

त्यांच्या मृत्यूच्या सुमारासच फॉर्म्युला वनने चाकांच्या दरम्यानचा तळ सपाट ठेवण्याची सक्ती केली. अभियंत्यांनी मग मागच्या चाकांपलीकडचा भाग वर उचलला आणि आजचा डिफ्यूझर जन्माला आला. तळाखालच्या बोगद्यांना 2022 मध्ये नियमांनी पुन्हा वाव दिला. घरी पत्रा कापणाऱ्या हौशी कारागिरांपैकी अनेक जण पुढचा तळ उघडाच ठेवतात आणि मागची शोभा तेवढी बसवतात. तळ सपाट नसेल तर खालची हवा विस्कटते आणि असा पत्रा फारसे काही करीत नाही. मोटारीचा न दिसणारा भाग आधी पाहायचा, हा चॅपमन यांच्या कामाचा धडा आहे. तो भाग किती हलका करायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हा रिंट यांच्या पत्रातला प्रश्नही त्याला जोडूनच येतो.